बसल्या जागी ९६ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका

ताई, तुमच्या लिहिण्यावरून चित्र असं: सासरे ७८ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी, ऐकू कमी येतं. कोविड पॉझिटिव्ह येऊन तिसरा दिवस. वन बीएचके घर, दोन मुलं. ताप नाही, ऑक्सिमीटरवर ९६, डॉक्टर म्हणाले घरी ठेवा. मग नक्की लक्ष कशावर ठेवायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी दिवस मोजा, तेही रिपोर्टपासून नाही, पहिल्या खोकल्यापासून किंवा पहिल्यांदा अंग मोडून आलं तेव्हापासून. प्रकृती बिघडायची असली तर बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडते.

या आजारात ऑक्सिजन उतरला तरी धाप लागेलच असं नाही. माणूस चहा पीत पेपर वाचत बसलेला असतो आणि आकडा ९० पर्यंत उतरलेला असतो. म्हणून चालवून बघायचं. दुसऱ्या लाटेत सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली जायची, साठीच्या पुढच्यांना तीनच मिनिटं. घरातल्या सपाट जागेवर, शेजारी कोणीतरी धरायला हवं. चालण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. ३ किंवा जास्त अंकांनी उतरला, किंवा ९३ च्या खाली गेला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. बसल्या जागीच ९४ पेक्षा कमी असेल तर चालवायचंच नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. म्हाताऱ्या माणसांची बोटं गार असतात आणि गार बोटावर आकडा चुकतो. तळहात चोळून ऊब आणा. आकडा सुरुवातीला उड्या मारतो, मिनिटभर थांबून स्थिर झालेलाच लिहा. मशीनवरचे ठोके मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसतील तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दिसू शकतो, त्यामुळे एका आकड्यापेक्षा वहीतली उतरण महत्त्वाची.

श्वास मोजताना त्यांना सांगू नका, सांगितलं की श्वासाची लय बदलते. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा आणि पोटावरची चादर किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. २४ च्या वर गेलं तर वाट बघत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आता जे सगळ्यात जास्त सुटतं ते. या वयात ताप न येताही आजार वाढतो. त्याऐवजी माणूस अचानक बरळतो, दिवसा झोपून राहतो, बाथरूमला जाताना तोल जातो, जेवण नको म्हणतो. ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज गोंधळला तर आधी ऑक्सिजन बघा, मग ग्लुकोमीटरवर साखर. दोन्ही ठीक असतील तरी डॉक्टरांना कळवा: रक्तातलं सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, शरीरातलं पाणी कमी होणं, यानेही असंच होतं.

साखरेचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. खाणं निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा गोळी तेवढीच राहिली, तर साखर पहाटे उतरते. ७० च्या खाली असेल आणि ते नीट जागे असतील, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. आणि कोणाच्या तरी फॉरवर्ड केलेल्या प्रिस्क्रिप्शनवरून स्टेरॉइड मुळीच सुरू करू नका. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना झाला, न लागणाऱ्यांना झाला नाही. साखर मात्र त्याने हमखास चढते, आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती मधुमेही माणसांचे डोळे, जबडे नेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

जेवण ताठ बसवून, छोटे घास, नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर तासातासाला अर्धी वाटी पेज, ताक, वरणाचं पाणी असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

बेडरूम त्यांना द्या, दार बंद, खिडकी उघडी, टेबलफॅनचं तोंड खिडकीबाहेर. सेवा एकानेच करावी, एन-९५ घालून. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, म्हणून ऐकू कमी येणारा माणूस पार एकटा पडतो. मुलांची पाटी घ्या आणि मोठ्या अक्षरात लिहून विचारा.

दवाखान्याची पिशवी आजच भरा: औषधांची यादी डोसासकट, चष्मा, कवळीची डबी नाव लिहून, श्रवणयंत्राचे जादा सेल, लांब वायरचा चार्जर, घरचे नंबर कागदावर. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: ‘ऐकू कमी येतं, समोर येऊन मोठ्याने बोला.’ वॉर्डात नातेवाईक शेजारी नसले, तर प्रश्नाला उत्तर न देणारा म्हातारा माणूस चटकन भ्रमिष्ट समजला जातो.