बेळगावात राहून जुनी मर्सिडीज कन्व्हर्टिबल घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय त्रेचाळीस, राहायला टिळकवाडीत, १९८० च्या दशकातली मर्सिडीज एसएल मनात भरलीय. बायको म्हणते, ‘या पैशात अनगोळला प्लॉटचा ॲडव्हान्स देता येईल.’ चाळीस वर्षं जुन्या उघड्या गाडीमागे लोक अजून का लागतात आणि आपण लागावं का?

वहिनींचं काही चुकत नाही, हे आधी सांगून टाकतो. मी गाड्यांचा व्यापारी नाही. जुन्या पी. बी. रोडला आमचं हूड आणि कुशनचं दुकान आहे. अण्णांनी सुरू केलं तेव्हा सगळं काम जीपचं असायचं. कॅनव्हासचं हूड, बाजूचे पडदे, रेक्झिनच्या सीटा. खानापूर, जांबोटी, चंदगडकडच्या जीपा मे महिन्यात दारात रांग लावायच्या. त्यामुळे कुठलीही गाडी आली की माझी नजर आधी छताकडे जाते. उत्तरही तिथूनच देतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गोव्याचे एक डॉक्टर चोर्ला घाटानं २८० एसएल घेऊन आले. गडद निळी, उजव्या हाताचं स्टिअरिंग. घरातलं कुणीतरी इंग्लंडहून कायमचं परत येताना घेऊन आलेलं. आपल्याकडच्या अशा बऱ्याच गाड्या त्याच वाटेनं आल्यात, कारण परदेशात राहून परतणाऱ्याला स्वतःची गाडी सोबत आणता यायची. हूडचं कापड शिवणीत कुजलं होतं, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून तडकली होती. डॉक्टरांनी कापड परदेशातून मागवून आणलं होतं. वर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, खाली अस्तर.

मी तेव्हा पंचविशीत, डोक्यात हवा. जुनं हूड उसवलं, तुकडे फरशीवर पसरून खडूनं माप उतरवलं आणि वर स्वतःची अक्कल चालवली. आपल्याकडचा पाऊस जर्मनीला काय माहीत, म्हणून आतून आणखी एक अस्तर घातलं. हूड चढवल्यावर एक सुरकुती नव्हती. डॉक्टर खूश झाले. मग ते म्हणाले, आता पाडून दाखव.

या गाडीचं हूड हातानं पाडायचं असतं. मोटर नाही, बटण नाही. पुढच्या काचेच्या चौकटीवरच्या कड्या सोडायच्या, मागची कमान उचलायची, सीटमागचं पत्र्याचं झाकण उघडायचं, सांगाडा घडी करून त्या खणात निजवायचा आणि झाकण लावायचं. हूड कुठे गेलं ते बघणाऱ्याला कळतही नाही. माझं झाकण दोन बोटं वर राहिलं. पुन्हा घडी केली, तरी दोन बोटं. मी गुडघा टेकवून दाबायला गेलो तेवढ्यात मागून अण्णांनी कॉलर धरली.

‘काय करूलालास? माप गाडीचं घेतलास, घडीचं कोण घेणार?’

दोन दिवस ब्लेडनं एकेक टाका उसवत बसलो. नवं शिवताना अण्णांनी दोराही बदलायला लावला. आत पॉलिएस्टर आणि वरून कापूस गुंडाळलेला दोरा घ्यायचा. पाणी लागलं की कापूस फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. निव्वळ नायलॉनचा दोरा दिसायला मजबूत असतो, पण भोक उघडं राहतं आणि पहिल्याच मिरगात पाणी थेट मांडीवर.

तुम्ही विचारताय त्या वेडाचा अर्धा भाग मला त्या दोन बोटांत कळला. १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षं ही गाडी बनत राहिली, कंपनीच्या भाषेत आर १०७. एकूण २,३७,२८७ नग निघाले. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत उघड्या गाड्यांवर सुरक्षेच्या नियमांनी बंदी येणार अशी हवा होती आणि तिथल्या कंपन्यांनी एकेक करत कन्व्हर्टिबल बंद केल्या. मर्सिडीजनं गाडी ठेवली, पण पुढच्या काचेचे खांब असे भक्कम केले की उलटली तर ते भार घेतील. काचही चौकटीत चिकटवून टाकली, म्हणजे तिचाही जोर मिळतो. छप्पर काढलं की गाडीची पेटी लुळी पडते, खड्ड्यात दारं कुरकुरतात. आमच्या जीपांचं तेच व्हायचं. ही गाडी तशी थरथरत नाही, कारण खाली पत्रा भरपूर घातलाय. एसएल म्हणजे म्हणे ‘सुपर लाइश्ट’, अतिहलकी. वजन दीड टन. जर्मन लोकही विनोद करतात.

मागचे दिवे बघितलेत? आडवे पन्हळ असलेले, पन्हळी पत्र्यासारखे. मी नुसती शोभा समजत होतो. चिखल उडाला की तो पन्हळीच्या उंचवट्यावर बसतो, खोलगट भाग स्वच्छ राहतो आणि दिवा दिसत राहतो. जूनमध्ये तांबड्या चिखलातून जांबोटीहून आलात तर याची किंमत कळेल. स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनमध्ये बसलेल्या माणसानं आपल्या रस्त्याचा विचार केला नव्हता हे खरं, पण कुठल्यातरी चिखलाचा केला होता. बघितलं की कळतं, हाताळलं की कळतं, उघडून परत लावता येतं, अशी ही गाडी आहे. स्टेटससाठी लोक घेतात हे मला तरी पटत नाही. स्टेटससाठी काँग्रेस रोडनं नवी एसयूव्ही फिरवली तरी भागतं.

आता घ्यायचं म्हणताय तर इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. २८० मधलं सहा सिलिंडरचं २७४६ सीसीचं इंजिन त्याच काळातल्या मर्सिडीजच्या सेडानमध्येही होतं. त्या सेडान जगभर लाखांनी खपल्या, त्यामुळे इंजिनाचं सामान मिळतं. मूळ कंपनीचाच जुन्या गाड्यांचा विभाग जर्मनीत आहे, तोही पार्ट पुरवतो, पैसे मात्र तसेच घेतो. आठ सिलिंडरची ३८०, ५०० ऐकायला गोड आहे, पण पहिलीच गाडी असेल तर सहाच घ्या. ३८० च्या सुरुवातीच्या काही गाड्यांत इंजिनाच्या आतली साखळी, म्हणजे टायमिंग चेन, एकेरी होती. ती तुटली तर आत सगळा चुराडा. दुहेरी करून घेतल्याची पावती असेल तरच पुढे बोला.

या गाडीला पाणी मारतं. पुढच्या काचेखाली जाळी आहे, तिच्याखाली पन्हाळ, आणि पन्हाळीचं पाणी बाहेर जायला छोट्या वाटा. गाडी झाडाखाली उभी राहिली की त्या वाटा पाल्यानं तुंबतात, पाणी आतल्या पत्र्यावर साचतं, हीटरच्या पेटीतून गालिच्याखाली उतरतं आणि फ्लोअर खालून कुजायला लागतो. बाहेरून गाडी नवरीसारखी दिसते. डॉक्टरांच्या गाडीलाही कुणीतरी वरून झकास रंग मारून दिला होता. आमच्याकडे गालिचा उचलला तर खाली हात ओला.

म्हणून बघायला जाताना बाटलीभर पाणी, टॉर्च आणि जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन जा. पाणी जाळीवर हळू ओता. ते गाडीखाली बाहेर पडलं पाहिजे. आत गेलं तर भाव निम्मा करा नाहीतर चहा पिऊन परत या. चुंबक दाराच्या खालच्या पट्टीवर, जॅक लावायच्या जागांवर आणि पुढच्या चाकांमागे फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. गालिच्याखाली बोटं घाला, मालकाला वाईट वाटलं तर वाटू दे. आणि हूड समोर पाडायला लावा, परत चढवायला लावा. ओलं हूड घडी करून ठेवणाऱ्याची गाडी वासावरून ओळखू येते.

काहीजण तुम्हाला हिच्यानंतरची, १९८९ ते २००१ ची आर १२९ सुचवतील. चांगली गाडी आहे. बटण दाबलं की हूड आपोआप जातं, आणि गाडी उलटायला लागली तर सीटमागचा दांडा ०.३ सेकंदात उभा राहतो. पण ते हूड हायड्रॉलिक तेलावर चालतं आणि काचेजवळचा सिलिंडर म्हातारा झाला की तेल तुमच्या कपाळावर ठिबकतं. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत सिलिंडरचं सील बदलून देणारा सापडेल, हा भाग वेगळा. मधल्या, म्हणजे १९९३ ते १९९५ च्या सुमाराच्या गाड्यांत वायरीचं आवरण बिस्किटासारखं भुगा होतं. त्याला उद्यमबागही काही करू शकत नाही.

पेट्रोलचं एक लक्षात ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. ऊस आपलाच, कारखाने आपलेच, अभिमान आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि या गाडीच्या काळातल्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. नळ्या आधी बदलून घ्या आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नका.

कागदांबाबत सीमाभागातल्या माणसाला काय शिकवायचं? कोल्हापूरच्या एमएच ०९ पासिंगची गाडी इकडे ठेवली की काय काय होतं ते तुम्ही भोगलंच असेल. गाडी गोवा किंवा महाराष्ट्र पासिंगची असेल तर एनओसी, इकडचा लाइफटाइम टॅक्स आणि कन्नडमधला फॉर्म, हे धरूनच भाव करा. पंधरा वर्षांवरच्या इम्पोर्टेड गाडीची नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ४०,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ती दुप्पट केली. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. रविवारी खडेबाजारला घेऊन गेलात तर पोलिसाला रॅली कुठे आहे ते सांगावं लागेल.

वापर म्हणाल तर दसऱ्यापासून होळीपर्यंत. एप्रिलमध्ये उघड्या गाडीत टाळू भाजते, आणि जून ते सप्टेंबर शेडमध्ये, हूड चढवलेलं, काचा बोटभर खाली. नुसतं कव्हर घालून बाहेर ठेवू नका, आत घाम धरतो.

दुसऱ्यांदा शिवलेलं हूड बसलं तेव्हा झाकण एका हातानं लागलं, टक्क. डॉक्टरांनी आम्हा दोघांना हिंडलग्याच्या पुढे सुळग्यापर्यंत फिरवून आणलं. मी कसाबसा मागच्या फळीवर. जानेवारीची सकाळ, उसाच्या ट्रॉल्या, कुठंतरी पाचट जळल्याचा वास. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. रस्ता त्यांनी पाहिलाच नाही. जाता-येता मान मागे वळवून झाकण उचकटतंय का तेवढंच बघत होते.

आणि हो, वहिनींना एक आधीच सांगून ठेवा. ही दोन माणसांची गाडी आहे. मागे जी फळी आहे तिच्यावर मी सुळग्यापर्यंत गेलो आणि दोन दिवस पाठ धरली होती. मुलं असतील तर १९९१ नंतरची चार सीटची डब्ल्यू १२४ कॅब्रिओले, म्हणजे उघडी मर्सिडीजच, बघा. तिचंही हूड हायड्रॉलिकचंच असण्याची शक्यता जास्त, तेव्हा कपाळाकडे लक्ष ठेवा.