ब्रोमो आधी की क्लोरो?

प्रश्न असा आहे: कार्बनी संयुगाचे आययुपॅक (रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) पद्धतीचे नाव मराठीत लिहिताना साखळीला जोडलेले गट वर्णक्रमाने मांडायचे, तर तो क्रम देवनागरी की रोमन? 'क' तर 'ब'च्या आधी येतो. मग '२-क्लोरो-३-ब्रोमोब्युटेन' का लिहू नये?

लिहू नये. क्रम रोमनच ठेवावा, कारण वर्णक्रमाने काही वेळा गटांचे अंकही, म्हणजे गट साखळीतल्या कितव्या कार्बनावर आहे तेही, ठरतात. ब्युटेनच्या, म्हणजे चार कार्बनांच्या साखळीच्या, मधल्या दोन कार्बनांपैकी एकावर ब्रोमीन, दुसऱ्यावर क्लोरीन असेल तर कुठूनही मोजा, अंक २ आणि ३ हेच येतात. अशी बरोबरी झाली की नावात आधी येणाऱ्या गटाला लहान अंक मिळतो. रोमनमध्ये बी हे अक्षर सीच्या आधी, म्हणून २-ब्रोमो-३-क्लोरोब्युटेन. देवनागरी क्रम लावला की अंकांची अदलाबदल होते आणि बाटलीवरच्या इंग्रजी लेबलाशी नाव जुळत नाही. शिवाय एकच गट कोणी इथिल लिहितो, कोणी इथाइल; इतक्या अस्थिर लेखनावर क्रम बेतणे मला तरी पटत नाही.

३-इथिल-५-मिथिलहेप्टेनसारख्या सरावाच्या उदाहरणांत हा घोळ दिसत नाही, कारण इथिल दोन्ही लिप्यांत मिथिलच्या आधीच येते. मिथिलशेजारी प्रोपिल आले की दिसतो: रोमनमध्ये मिथिल आधी, देवनागरीत प्रोपिल.

मात्र क्रमांकनात वर्णक्रमाची पाळी सर्वांत शेवटी. तीन कार्बनांच्या साखळीच्या एका टोकाला ब्रोमीन, दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सिल गट (नावाच्या शेवटी येणारा मुख्य गट, 'ऑल') असेल तर १ हा अंक हायड्रॉक्सिलचाच: ३-ब्रोमोप्रोपॅन-१-ऑल. ब्रोमो नावात पहिले आहे म्हणून त्याला १ देणे ही नेहमीची चूक.

डाय, ट्राय हे संख्यादर्शक भाग क्रम लावताना सोडून द्यायचे. भुलीसाठी वापरले जाणारे हॅलोथेन घ्या: २-ब्रोमो-२-क्लोरो-१,१,१-ट्रायफ्लुओरोइथेन. तीन फ्लुओरिनांचा कार्बन १ धरला की अंकसंच १,१,१,२,२ होतो. उलटा मोजला तर १,१,२,२,२. पहिल्या फरकाच्या जागी लहान अंक असलेला संच घ्यायचा, म्हणून इथे वर्णक्रमापर्यंत जावेच लागत नाही. पण मांडणीत ट्रायफ्लुओरो 'एफ'खालीच, म्हणजे शेवटी. नावाची सुरुवात २ने झाली तरी ते बरोबर आहे. अपवाद कंसातल्या गटाचा: (१,२-डायमिथिलप्रोपिल) हा गट 'डी'खालीच लावतात, कारण तिथे डाय हा गटाच्या नावाचाच भाग असतो.