रेसिड्युअल छोटे आले तरी एमडीबी मोठा कसा?

प्रश्न: टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं उपकरण) केलेलं कंट्रोल नेटवर्क (सर्व्हेच्या संदर्भबिंदूंचं जाळं) लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे सगळी मापं एकमेकांशी कमीत कमी फरकाने जुळवून, ॲडजस्ट केलं. काय-स्क्वेअर टेस्ट (सगळ्या जुळणीची एकत्रित चाचणी) पास, रेसिड्युअल (मोजलेलं आणि ॲडजस्ट झालेलं माप यांतला फरक) सगळे ४ मिमीच्या आत. पण एका अंतरासमोर रिडंडन्सी नंबर (बाकीची मापं हे माप किती तपासतात ते, ० ते १ मध्ये) ०.०९ आणि एमडीबी (मिनिमल डिटेक्टेबल बायस) ४१ मिमी दिसतोय, रेसिड्युअल मात्र फक्त २ मिमी. त्या मापात ४१ मिमीची चूक आहे का? काढून टाकू का?

उत्तर: नाही, आणि काढू तर अजिबात नका. एमडीबी म्हणजे सापडलेली चूक नव्हे, चूक साधारण एवढी मोठी झाल्याशिवाय टेस्टला ती खात्रीने पकडता येणार नाही अशी ती मर्यादा आहे. तुमचा सिग्मा (मापाची धरलेली अनिश्चितता, प्रमाण विचलन) ३ मिमी असणार, कारण ०.०९ चं वर्गमूळ ०.३, आणि डच जिओडेसिस्ट बार्डा यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ०.१ टक्का सिग्निफिकन्स (चांगलं माप उगाच नाकारण्याची शक्यता) नि ८० टक्के पॉवर (खरी चूक पकडण्याची शक्यता) धरली की गुणक ४.१३ येतो, मग ४.१३ गुणिले ३ भागिले ०.३ म्हणजे ४१. यात फील्डवर घेतलेलं रीडिंग कुठेच नाही बघा, फक्त नेटवर्कचा आकार आणि वेट्स (सिग्मावरून मापांना दिलेलं वजन), त्यामुळे हा आकडा फील्डवर जायच्या आधीच काढता येतो आणि काढावाच.

आता ते २ मिमी. रिडंडन्सी ०.०९ म्हणजे चुकीचा फक्त ९ टक्के भाग त्या मापाच्या रेसिड्युअलमध्ये दिसतो, बाकीचा ॲडजस्ट झालेल्या अंतरात आणि तिथून कोऑर्डिनेट्समध्ये मुरतो. या रेसिड्युअलचा स्वतःचा सिग्मा जेमतेम ०.९ मिमी, म्हणून डब्ल्यू-टेस्टची (रेसिड्युअल भागिले त्याचा सिग्मा) ३.२९ ची मर्यादा इथे ३ मिमीलाच लागते, सगळ्यांना सरसकट ४ मिमीचा नियम लावून चालत नाही. तुमचा डब्ल्यू २.२ येतो, म्हणजे पास, पण यात खरंच चूक असेल तर ती २ भागिले ०.०९, म्हणजे २२ मिमीच्या आसपास असू शकते! चूक आहेच असं यातून सिद्ध होत नाही, पण नाही असंही म्हणता येत नाही, आणि मला काळजी वाटते ती इथेच, कारण एरर एलिप्स (पॉइंटच्या जागेची अनिश्चितता दाखवणारी लंबवर्तुळाकृती) छोटा बघून लोक निर्धास्त होतात आणि एलिप्सला तर अशा चुकीचा पत्ताच नसतो.

माप काढलंत तर तो पॉइंट आणखी लंगडा होईल, शेजारच्या मापांची रिडंडन्सीपण घटेल. उलट त्या पॉइंटवर दुसऱ्या स्टेशनवरून अंतर आणि कोन घ्या. त्याच सेटअपवरून तेच माप परत घेतलं तर सेंटरिंगची चूक (उपकरण पॉइंटच्या नेमकं वर नसणं) किंवा चुकीचा प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझमसाठी अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) दोन्हीकडे तसाच येतो नि कागदावर मात्र रिडंडन्सी वाढलेली दिसते. आणि रिपोर्टमध्ये एक्स्टर्नल रिलायबिलिटीचा कॉलम असेल तर तो आधी वाचा, न सापडलेल्या चुकीने कोऑर्डिनेट किती हलतील ते तिथे कळतं आणि तुमच्या कामाला तेवढं चालणार का हे त्यावरूनच ठरवा.

प्रश्न: सगळ्या मापांचा सिग्मा ३ ऐवजी २ मिमी टाकला तर एमडीबी कमी होईल ना?

उत्तर: आकडा २७.५ होईल, पण नेटवर्क तेच राहील. व्हेरिअन्स फॅक्टर (काय-स्क्वेअर ज्यावर बेततो तो, रेसिड्युअल धरलेल्या सिग्माशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) मात्र सव्वादोन पट होईल आणि आत्ता पास झालेली काय-स्क्वेअर बहुतेक फेल जाईल. सिग्मा टाकताना इन्स्ट्रुमेंटच्या स्पेसिफिकेशनसोबत सेंटरिंगचीपण भर घाला.