‘बापा’च म्हणू दे की त्याला

*मावशी, मी उचगावात राहते, गोकुळ शिरगावला एका कंपनीत पॅकिंगला आहे. मिस्टर ओडिशाचे, शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगचं काम करतात. मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा. जूनपासून नर्सरीत घातलाय, दुपारनंतर माझ्या आईकडं असतो. घरी तो मराठी-ओडिया मिसळून बोलतो, पण वर्गात तोंडच उघडत नाही. टीचर म्हणतात, घरात एकच भाषा बोला, पोर गोंधळलंय. तो वडलांना ‘बापा’ म्हणतो, तिथं ‘पप्पा’ म्हणायला लावतात. मिस्टरांना मराठी धड येत नाही म्हणून पालकसभेला मलाच बोलावतात. आई म्हणते, नोकरी सोड, माझे गुडघे आता चालत नाहीत. अंगणवाडीचं काढलं तर म्हणते, तिथं कोण घालतंय आता. मिस्टरांनी तर घरी ओडिया बोलणंच बंद केलंय. काय करू?*
*– एक आई, उचगाव*

पोरी, नोकरी, नर्सरी, अंगणवाडी, सगळं वाचून झालं आणि मी अडकले ती तुझ्या शेवटच्या ओळीत. मराठी धड येत नाही आणि ओडिया बोलायची नाही, मग हा माणूस घरात बोलतो तरी काय? दिवसभर वाळूत आणि धगीत काम करून आलेला बाप लेकराला ‘ये’, ‘बस’, ‘जेव’ एवढंच म्हणत असणार. शाळेचा सल्ला पाळायच्या नादात पोराचा अर्धा बोलका माणूस मुका झालाय.

तेव्हा आज रात्रीपासून त्यांना ओडियाच बोलू दे. भरपूर बोलू दे. गोष्टी सांगू देत, चेष्टा करू देत, रागावू देत. दोन भाषांनी पोरं गोंधळत नाहीत. एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द घालणं दोन भाषांत वाढणारी पोरं सर्रास करतात, आणि त्यांचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. टीचरना फक्त मराठी कळते, म्हणून त्यांचा हिशेब निम्म्यावरच थांबलाय. या वयाचं मूल साधारण तीन-चार शब्दांचं वाक्य जोडतं. तुझं पोर घरी तसं जोडत असेल, मग भाषा कुठलीही असो, तर वर्गातल्या गप्प बसण्याला अजून थोडा वेळ दे. पण घरीसुद्धा दोन्ही भाषांत तुटकच बोलत असेल, किंवा मागून हाक मारली तर वळत नसेल, तर सगळे वाद बाजूला ठेव आणि आधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेऊन कान तपासून घे. त्यात दिवस घालवू नको.

आता टीचरबद्दल. त्यांचं चुकलं, पण लगेच भांडायला जाऊ नको. मी २२ वर्षं बालवाडी चालवली, माझंही असंच चुकलंय. निपाणीकडची एक मुलगी होती, घरी कन्नड. रोज दुपारी रडायची, ‘नीरू, नीरू’. आम्ही दोघी बायका समजत होतो, घरी नीरू नावाची बहीण असेल, तिची आठवण येत असेल. आम्ही म्हणायचो, ‘येईल हं नीरू, येईल.’ पोरगी आणखी रडायची. आठवड्यानं शेजारचे एक आजोबा म्हणाले, अहो बाई, पाणी मागतंय पोर! कन्नडमध्ये नीरू म्हणजे पाणी. तिच्या आईला दारातून आत बोलावलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तिला मराठी येत नाही म्हणून आम्ही बोलावलंच नव्हतं.

तुमचं त्या मानानं सोपं आहे. ओडियातही पाणी ते पाणीच आणि भात तो भातच. एका कागदावर पोराचे दहा-बारा शब्द देवनागरीत लिहून दे: शी-शूला काय म्हणतो, भूक लागली तर काय, झोप आली तर काय. वर ठळक लिही, ‘वडील = बापा’. आणि तो कागद तू नेऊ नको. मिस्टरांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात पोराला सोडायला आणि आणायला त्यांनाच पाठव, कागद त्यांच्याच हातात दे. मराठी मोडकं असलं तरी चालतंय. कोल्हापुरात मोडक्या मराठीवर कुणी कुणाला उपाशी ठेवलेलं नाही. वडील रोज दारात दिसायला लागले की ‘पप्पा’चा आग्रह बहुतेक आपोआप सुटेल. तरीही त्या एकच भाषा म्हणून अडून बसल्या, तर सांग की २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा लहान वयात घरच्या भाषेला धरूनच शिकवा म्हणतंय. त्यावरही बधल्या नाहीत तर पुढच्या जूनला जागा बदल.

अंगणवाडीला नाक मुरडणाऱ्या तुझ्या आईला एवढं सांग: ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं शाळेपर्यंत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. सरकारची योजना १९७५ ची, आणि सहा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला ती खुली आहे, बाप कुठल्याही राज्यातला असो. शेजारपाजारची चार भाषांची पोरं तिथं सहज भेटतील. पण खोटं कशाला सांगू, ती थोडेच तास चालते, तुझी पाळी त्यात बसणार नाही.

आणि खरी अडचण तीच आहे. आईचं ‘नोकरी सोड’ मला तिच्या गुडघ्यांतून आलेलं वाटतंय. तीन वर्षांच्या पोरामागं रोज दुपारभर पळणं तिला झेपत नाही आणि तसं सरळ म्हणायला ती लाजतीय. तिला दुपारची सुटी मिळाली तर हा विषय ती पुन्हा काढायची नाही. तुमच्या कंपनीत किती माणसं आहेत? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय मालकानं करायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा पोराकडं जाऊ द्यायचं असतं. एकटी विचारायला जाऊ नको, पॅकिंगच्या चार-पाच जणी मिळून लेखी अर्ज द्या. तोवर अंगणवाडी सेविकेला विचारून ठेव. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालतं, जवळपास असलं तर तिला माहीत असणार. खासगी पाळणाघर बघायचं झालं तर सकाळी बघू नको, तेव्हा सगळंच चकाचक असतं. संध्याकाळी पाचला न सांगता जा. त्या वेळी पोरं दमलेली असतात आणि बायकाही. रडणाऱ्या पोराशी त्या कशा बोलतात तेवढं ऐक आणि परत ये.

नोकरी सोडू नकोस. पुढच्या वेळी मिस्टरांनाही चार ओळी लिहायला सांग. ओडियात लिहिल्या तरी चालतील, वाचून दाखवणारं कुणीतरी मी शोधते.

– मावशी