४,२९,४९,६७,२९७ : चाचणी पास, तरी मूळ संख्या नाही

प्रश्न असा आहे: या संख्येला लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही, पाया २ घेऊन केलेली फर्मा चाचणीही (२ चा ‘संख्या वजा १’ इतका घात त्या संख्येने भागून बाकी १ येते का हे बघणं) पास होते, मग ही मूळ संख्याच ना? नाही. ती ६४१ × ६७,००,४१७ आहे.

तिच्याकडे २^३२ + १ म्हणून बघा, म्हणजे चाचणी कुठे फसते ते लगेच कळेल. या संख्येने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ उरते, म्हणून २^६४ ची बाकी १. चाचणीतला घातांक (संख्या वजा १) म्हणजे खुद्द २^३२, आणि त्याला ६४ ने भाग जातो. तेव्हा संख्या मूळ असो वा नसो, बाकी १ येणारच. पाया २ घेऊन केलेली मिलर-राबिन चाचणीही (फर्मा चाचणीचंच जास्त कडक रूप) इथे याच कारणाने फसते. पाया ३ घ्या, लगेच भांडं फुटतं.

विभाजक शोधायलाही सगळ्या मूळ संख्या पालथ्या घालायची गरज नाही. इथे कोणताही मूळ विभाजक १२८क + १ (क हा पूर्णांक) याच रूपाचा असतो. १२९, ३८५, ५१३ या संयुक्त, त्या सोडा. उरल्या २५७ आणि ६४१. म्हणजे दुसऱ्याच भागाकाराला काम फत्ते. ऑयलरने १७३२ मध्ये ६४क + १ एवढ्यावरच हे काढलं आणि २^(२^न) + १ रूपाच्या (इथे न = ५) सगळ्या संख्या मूळ असतात हा फर्माचा अंदाज कोसळला.

आता ६७,००,४१७ मूळ आहे का? वर्गमूळ साधारण २५८८. तिथपर्यंत याच रूपाच्या मूळ संख्या २५७ (ती आधीच बाद), ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. शेवटच्या चारांनी भागून बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ती मूळ.

मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती वर्गांची. ६५५३६² + १² हे तर उघडच आहे, पण ६२२६४² + २०४४९² घेतलं तरी बेरीज तीच येते. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच प्रकारे मांडता येते, त्यामुळे दुसरी मांडणी सापडली की विभाजक न काढताच निकाल लागतो. या दोन मांडण्या येतात कुठून? ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २५५६² + ४०९². आता २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६; बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. तसंच २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४; वजाबाकी १, बेरीज २०४४९.

प्रोग्राम लिहिताना मात्र ३२ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक वापरू नका. त्याची मर्यादा २^३२ − १ आहे, त्यामुळे ही संख्या त्यात गुंडाळली जाऊन १ होते. ६४ बिट घ्या. वर्गमूळ आठ अंकांपर्यंतच काढलं तर ते नेमकं ६५५३६ दिसेल, पण शेवटचा अंक ७ असलेली संख्या पूर्ण वर्ग नसतेच.