'ओतणे' आणि 'घालणे' यांत फरक काय? सोलापूरकडचं 'वत' अशुद्ध आहे का?

'वत' अशुद्ध नाही. ओठाचा वठ, ओढ्याचा वढा, ओळखीची वळख, तसा 'ओत'चा 'वत'. बोलीत सुरुवातीच्या 'ओ'चा 'व' होतो, त्यात गबाळेपणा कसला? लिहिताना 'ओत' लिहा, बोलताना कुणी हसलं तर हसू द्या.

आता फरक. ओतताना भांडं कलतं आणि आतलं आपल्या वजनाने धार धरून पडतं. घालताना किती जायचं ते हात ठरवतो. म्हणून मीठ घालतात, चमचाभर तेल घालतात, पण घागर ओततात. पोत्यातली ज्वारी कणगीत ओततात तेही बरोबरच, तिचीही धार पडते.

'दोन्ही एकच, सगळीकडे "घाला" करा' म्हणणारे पाककृती-संपादक मला भेटलेत. त्यांनी विरी गेलेल्या, म्हणजे चिकटपणा गेलेल्या, ज्वारीच्या पिठाची भाकरी थापून दाखवावी. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो आणि पीठ जुनं झालं की होता तोही जातो. मग एक वाटी पिठात आळं करायचं आणि अर्धी वाटी खळखळ उकळतं पाणी त्यात एकदम ओतायचं. उलथन्याने कालवून पाच मिनिटं झाकायचं. पाणी गरम असतानाच पिठाला चटका बसून ते थोडं शिजलं पाहिजे, चिकटपणा त्यातूनच येतो. तेच पाणी चमचा-चमचा 'घातलं' तर वाटेतच निवतं, पीठ कच्चं राहतं आणि थापताना कडा फाटतात. पुढचं पाव वाटी पाणी मात्र ओतायचं नाही. ते लागेल तसं घालत, हबका मारत मळायचं, नाहीतर पीठ सैल होऊन परातीला धरतं. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला जे पाणी लागतं ते फिरवायचं. एका भाकरीला पाणी तीनदा लागतं, तीनही वेळा क्रियापद वेगळं. यातलं एक बदललं की कृतीच चुकते, आणि शिव्या पिठाला बसतात.

बाकीचे शब्द थोडक्यात. आधणात तांदूळ वैरतात. धिरड्याच्या कडेने तेल सोडतात. पाहुण्याच्या वाटीत आमटी वाढतात, तिथे 'ओत' म्हणालात तर पाहुणा पुन्हा येणार नाही. चुकून गेलं तर ते सांडलं. ओतण्यात हेतू असतो. धातूला मात्र ओतणेच: ओतीव आणि घडीव. बिडाचा तवा ओतीव असतो. साच्यात रस ओतताना धार तुटली तर आधी पडलेला थर निवतो, पुढचा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि तिथे सांधा राहतो.

आंघोळीचं वेगळंच आहे. पाणी ओततो आपण, पण म्हणतो 'आंघोळ घातली'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'पोयु' म्हणजे ओतणे आणि 'नीळ्ळु पोसुकोवडं', शब्दशः स्वतःवर पाणी ओतून घेणं, म्हणजे आंघोळ. सोलापूरच्याच सिद्धेश्वर यात्रेत 68 लिंगांना तेल लागतं त्याला यण्णीमज्जन म्हणतात. त्यात कन्नड एण्णे म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान; ओतणं शब्दात कुठेच नाही.

आणि 'ओतप्रोत'चा ओतण्याशी काडीचा संबंध नाही. 'काठोकाठ ओतलेलं' असा अर्थ सांगणारे शिक्षक आजही सापडतात. संस्कृतात 'ओत' म्हणजे विणलेलं. ओतप्रोत म्हणजे उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेलं. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? ती वस्त्राच्या भाषेत विचारतेय. चादरीच्या गावात हे समजावून सांगावं लागतं!

एक सांगायचं राहिलं. हा फरक सगळीकडे इतका कडक नाही. चहात दूध 'घाल' आणि 'ओत' दोन्ही चालतं. पहिल्यात चमचाभर, दुसऱ्यात पातेलं वाकतं. आणि 'भाजीत पाणी टाक' म्हणणाऱ्याला लगेच 'टाकणे म्हणजे फेकणे' असं ऐकवू नका. कन्नडमध्ये 'हाकु' हे एकच क्रियापद घालण्यालाही चालतं आणि टाकण्यालाही. घरात दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी 'टाक' येणारच, आणि त्याच्या भाजीला पाणी बरोबर पडलेलं असतं.