पेट्रोलची गाडी सीएनजीवर न्यावी, विकून इलेक्ट्रिक घ्यावी, की आहे तशीच चालवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, चिंचवडहून चाकणला रोज जाऊन-येऊन ४६ किलोमीटर, सोसायटीत तिसरा मजला आणि खाली उघडं पार्किंग. पेट्रोल वाढत चाललंय, तेव्हा सीएनजी किट, इलेक्ट्रिक की थोडं थांबणं?

मी तळेगावात राहतो. मूळ गाव कराडजवळ. माझी २०१६ ची गाडी २०२१ पासून बाहेरून बसवलेल्या किटवर पळते आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवतो आणि प्रत्येक वेळी भरलं की किलोमीटर, किलो आणि पैसे लिहितो. बायको हसते, पण खालचं बरंचसं त्या वहीतून आलंय.

आधी तुमचा हिशोब मांडू. महिन्याचे २४ दिवस कामाचे धरले तर साधारण ११०० किलोमीटर, वर इकडचंतिकडचं ३००. म्हणजे १४००. पेट्रोल १०५ रुपये धरतो, गाडी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये १६ चं ॲव्हरेज देते असं समजू. (कंपनीने सांगितलेलं २१-२२ विसरा, चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून ते कुणालाच मिळालेलं नाही.) महिन्याला साडेसत्त्याऐंशी लिटर, म्हणजे सुमारे ९२०० रुपये.

हीच गाडी सीएनजीवर किलोला २३ किलोमीटर जाईल. किलोमागे ९२ रुपये धरले तर ५६०० होतात. त्यात ३०० रुपयांचं पेट्रोल मिळवा, कारण गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि इंजिन तापल्यावर आपोआप गॅसवर जाते. थंडीत दूध-भाजी आणायला दोन किलोमीटर गेलात तर जाऊन-येऊन बहुतेक पेट्रोलच जळतं, हे किट विकणारा सांगत नाही. तर महिन्याला वाचतात ३३०० च्या आसपास. चांगलं सिक्वेन्शियल किट (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा मोजून गॅस देणारं), आरसीवर नोंद, विम्यातला बदल असं सगळं मिळून ६५ हजार धरा. वीस महिन्यांत पैसे वसूल. तुमची गाडी अजून पाच-सहा वर्षं आरामात पळेल, तेव्हा सौदा वाईट नाही.

पण हा हिशोब तुमचा आहे, सगळ्यांचा नाही. माझे सासरे महिन्याला जेमतेम अडीचशे किलोमीटर चालवतात. माझं बघून त्यांनाही किट बसवायचं होतं. त्यांचे महिन्याला सहाशेसुद्धा वाचत नव्हते, पैसे फिटायला नऊ वर्षं लागली असती. त्यांना म्हटलं, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, बास. अजून पेट्रोलवरच आहेत.

आता इलेक्ट्रिक. किलोमीटरमागचा खर्च बघितला तर तिच्यापुढे कुणी टिकत नाही. घरी चार्ज केलं तर चार्जिंगमधली गळती धरून युनिटला साडेसहा किलोमीटर म्हणजे तुम्हाला महिन्याला सव्वादोनशेच्या आत युनिट लागतील. इथे बरेच जण म्हणतात, "स्लॅब बदलला की सगळं बिल महागात जातं." तसं नसतं. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे आहेत आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. तुमचं घर आता १५० युनिट वापरत असेल तर गाडीची पहिली १५० युनिट ३०० च्या आतच बसतात, उरलेली साठ-पासष्ट तेवढी महाग पडतात. वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क हे सगळं धरून सरासरी १४ रुपये युनिट पकडा. तीन हजारांच्या आसपास महिना निघतो. किलोमीटरला दोन रुपयांच्या किंचित वर.

मोह होतोच. पण गाडी विकून इलेक्ट्रिक घेताना मधल्या फरकाचं काय? तुमची गाडी साडेतीन लाखांना गेली आणि नवी साडेनऊला आली, तर सहा लाखांचं कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता जवळजवळ साडेबारा हजार. पेट्रोलचे वाचणार ६२००. म्हणजे पेट्रोल वाचवायला तुम्ही वाचणाऱ्या रकमेच्या दुप्पट हप्ता भरणार. नवी गाडी तुम्हाला तशीही घ्यायचीच असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा फरक फक्त पेट्रोल मॉडेल आणि इलेक्ट्रिक मॉडेल यांच्यातला राहतो आणि रोज ४६ किलोमीटरवाल्याला तो भरून निघू शकतो. त्यातही सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकला आधीपासून ५ टक्केच आहे, त्यामुळे किमतींमधली दरी पूर्वीपेक्षा रुंदावली आहे. जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या उघड्या पार्किंगची. इलेक्ट्रिक गाडीचा सगळा फायदा घरच्या प्लगला चिकटलेला आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २०-२२ रुपये मोजायचे असतील तर किलोमीटरला तीन ते साडेतीन रुपये पडतात. सीएनजीचे चार. एवढ्यासाठी कॉफी पीत चार्जरवर तास काढायचा का, हे तुम्ही ठरवा. स्वतःच्या जागेवर स्वतंत्र मीटर ओढून घेता येतो, पण केबल कुठून न्यायची, पावसात पॉइंटवर छप्पर कोण घालणार, आणि "उद्या सगळेच मागतील" म्हणणाऱ्या काकांना कोण समजावणार, हे सगळं गाडी बुक करायच्या आधी निस्तरा. आमच्या सोसायटीत एकाने गाडी आधी आणली आणि मग परवानगी मागितली. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून तो चार महिने चार्ज करत होता. वॉचमन रोज संध्याकाळी ती वायर उचलून इतरांच्या गाड्या आत घ्यायचा.

बंगला असेल आणि वर सोलर असेल तर मात्र मी सरळ इलेक्ट्रिक म्हणेन. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. माझ्या मावसभावाने सांगलीला तसंच केलंय आणि तो आता पेट्रोलचा भाव विचारतही नाही.

इथेनॉलबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्यात निवडण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण ते तुम्ही आधीच भरताय. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मिश्रण १० वरून २० टक्क्यांवर गेलं की ऊर्जा तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. बायकोची गाडी अजून पेट्रोलवर आहे. तिची नोंद १६.४ वरून १५.७ वर आली. भाव मात्र कमी झाला नाही. ऊस आपला, कारखाने आपले, इथेनॉल आपलं आणि लिटरमागचे हे चार रुपयेही आपलेच. तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असल्यामुळे पुढच्या सर्व्हिसिंगला फ्युएल होज आणि रबरी सील तेवढे बघायला सांगा. घाबरण्यासारखं काही नाही, पण विचारल्याशिवाय कुणी बघत नाही.

पेट्रोलवर आणि बहुतांश इथेनॉलवरही चालणाऱ्या फ्लेक्स फ्युएल गाड्या, हायड्रोजन वगैरे बातम्यांत वाचायला छान. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावात मोगली एरंडाची अशीच हवा होती. बांधावर लावा, त्याच्या डिझेलवर ट्रॅक्टर पळेल म्हणाले. आजोबांनी लावली होती चाळीस-पन्नास रोपं. शेळ्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही, कुंपण म्हणून अजून उभी आहेत.

तर तुमच्यासाठी माझं मत सीएनजी किट. पण सीएनजी म्हणजे काय जगणं असतं तेही ऐकून घ्या.

साठ लिटरच्या टाकीत साठ किलो गॅस येत नाही. दाब २०० बार मिळाला तर आठ-नऊ किलो बसतो, म्हणजे तुम्हाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. दर चार दिवसांनी पंप. दुपारी उन्हात गेलात किंवा पंपावर प्रेशर कमी असेल तर सहा-साडेसहावरच नोझल थांबतं. ज्या पंपाला थेट पाइपलाइन आहे तिथे भरा. काही पंपांना गॅस टेम्पोवरच्या सिलिंडरांतून येतो, तिथे "गाडी आली नाही" ही पाटी कधीही लागू शकते. मी पहाटे सहाच्या आत जातो: पाच-सात रिक्षा, दोन कॅब, दहा मिनिटांत मोकळा. हेच संध्याकाळी सातला पाऊण तास. सगळ्यांनी खाली उतरायचं, डिकी उघडायची, झोपलेल्या पोराला खांद्यावर घेऊन बाजूला उभं राहायचं. गणपतीच्या आधीच्या शनिवारी हायवेवरच्या पंपाचं नावसुद्धा काढू नका.

आणि स्वस्ताई कायमची नसते. १ एप्रिल २०२२ ला राज्याने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत सीएनजी किलोमागे ६ रुपयांनी उतरला, आणि त्याच महिन्यात दोनदा वाढून आधीच्या भावाच्याही वर गेला. आपल्या देशात लागणाऱ्या गॅसचा मोठा हिस्सा बाहेरून जहाजाने येतो, त्यामुळे तिकडे युद्ध झालं की इकडे किलोचा भाव हलतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंबूरच्या बाजूला एका पाइपलाइनला इजा झाली आणि मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सी पंपांवर ताटकळत उभ्या राहिल्या. म्हणून पेट्रोलच्या टाकीत कायम दहा लिटर ठेवा. काटा तळाला लावून फक्त गॅसवर फिरणाऱ्यांचे फ्युएल पंप जातात, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो.

ताकद कमी होते ती कळते. शहरात नाही, पण खंबाटकी घाट चढताना चार माणसं आणि एसी असेल तर मी मुकाट्याने बटण दाबून पेट्रोलवर घेतो. स्पार्क प्लग जरा लवकर बदलावे लागतात. आणि डिकी गेलीच. आईने गावाहून दिलेलं ज्वारीचं पोतं आता मागच्या सीटवर पोरांच्या पायाशी बसून येतं.

किट कुणाकडून बसवता ही खरी मेख आहे. मी स्वस्तात मिळालं म्हणून ओळखीतल्या ओळखीतून एकाकडे गेलो. तो म्हणाला आरसीचं काम आठ दिवसांत. चार महिने लागले. तेवढे दिवस गाडी कागदावर पेट्रोलची आणि डिकीत टाकी, म्हणजे अपघात झाला असता तर क्लेमच्या वेळी विमा कंपनीपुढे काय तोंड दाखवलं असतं? तुमच्या मॉडेलसाठी मंजुरी असलेलंच किट घ्या, त्या मंजुरीच्या कागदाची प्रत आधी मागा, आणि आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' उमटेपर्यंत शेवटचे दहा हजार हातात ठेवा. विमा कंपनीला लगेच कळवा. प्रीमियम वाढतो तो किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, एवढाच. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी. तिच्या तारखेची पाटी गाडीत लावतात, पंपावरचा पोऱ्या ती बघूनच भरतो.

त्याच फिटरची दुसरी करामत मला सहा महिन्यांनी समजली. जुलैतली रात्र, गावाहून परत येताना शिरवळच्या पुढे मागचं चाक बसलं. धो-धो पाऊस. डिकी उघडून कार्पेट उचललं तर स्टेपनी जागेवर होती, पण तिच्यावरून टाकीचा लोखंडी अँगल आडवा गेलेला. चार बोल्ट सोडवून, गॅसने भरलेली टाकी सरकवल्याशिवाय स्टेपनी निघणार नव्हती. मोबाइलच्या उजेडात मी त्या चाकाकडे बघत उभा आणि आतून मुलगी विचारतेय, "बाबा, दिसतंय ना चाक, मग काढत का नाही?" शेवटी पंक्चरवाला अंगावर प्लास्टिकचं इरलं घेऊन मोटारसायकलवरून आला, तेव्हा दीड वाजला होता. त्याने टायर गाडीपाशीच काढून पंक्चर काढलं, स्टेपनीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "हे रोजचंच आहे साहेब."

तेव्हा कोटेशन घ्यायला जाल तेव्हा भाव विचारायच्या आधी आधीच्या गिऱ्हाइकाची एक गाडी दाखवायला सांगा, तिची डिकी उघडा आणि स्टेपनी हाताने बाहेर काढून बघा.